बोरिस प्रोटीन, बांगडा आणि तो फॉरवर्ड: खुलासा

मालवण-वेंगुर्ल्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, पुरुषांच्या अंगात बोरिस नावाचं प्रोटीन असतं, तेच कॅन्सर करतं, बांगडा-सुरमई जास्त खाल्ली की वाढतं आणि शुक्राणू मारतं. यातलं नाव तेवढं खरं, बाकी बंडल.

बोरिसचा शोध २००२ मध्ये लागला, दुसरं नाव सीटीसीएफएल. डीएनएला चिकटून कुठला जीन चालू कुठला बंद यात ते भाग घेतं. नॉर्मली ते मुख्यतः वृषणात, शुक्राणू बनण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात सापडतं आणि तिथे ते व्हिलन नाही, उलट कामाचं आहे, उंदरांत बोरिस बनवणारा जीन काढला तर वृषणं लहान राहिली आणि शुक्राणू नीट बनेनात. म्हणजे मेसेजच्या बरोब्बर उलटं!

कॅन्सरचं म्हणाल तर काही ट्यूमरमध्ये हा जीन नको तिथे चालू झालेला दिसतो हे खरंय, पण दिसला म्हणजे त्यानेच कॅन्सर केला असं होत नाही ना.

आणि मासे? अहो जीन आपल्याच पेशीत असतो, बांगड्यातलं प्रोटीन पोटात पचून जातं. श्रावण पाळायचा तर श्रद्धेने पाळा, बोरिसला घाबरून नको.

मूल राहत नसेल तर दोघांनीही तपासून घ्या, पुरुषाची वीर्यतपासणी साधीच असते, शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात त्यामुळे एकाच खराब रिपोर्टने हबकू नका. वृषणात गाठ लागली तर मात्र लाजत न बसता लगेच डॉक्टरला दाखवा.