एका ‘होती’पायी

शेजारच्या नानांचा केळीचा बाग वादळात आडवा झाला. रावेर-यावलकडं हे नवं नाही. उन्हाळ्याच्या शेवटी वारा सुटला की कापणीला आलेला घड पोटात गोळा आणतो. नानांनी पंचनाम्यासाठी स्वतः अर्ज लिहिला, आणि तो परत आला. कारण हे वाक्य :

‘वादळ आले तेव्हा खोडे पडली होती.’

साहेब म्हणाले, “वादळाआधीच पडली होती, तर वादळाचं नुकसान कसं?”

नाना संतापले. मीही आधी साहेबांनाच नावं ठेवली. मग पुन्हा वाचलं. माणूस खोचक, पण वाचलं बरोबर. ‘पडली’ म्हणजे तेव्हा पडली. ‘पडली आहेत’ म्हणजे चला, दाखवतो, अजून तिथंच आहेत. ‘पडली होती’ म्हणजे वादळ पोचायच्या आधीच कारभार आटोपलेला. फळपीक विम्यात वादळी वाऱ्याच्या नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावी लागते. तिथं काय कधी झालं, यावरच तर सगळं अडतं.

पुढं तर कहरच. ‘तलाठी येतात. मग पाहणी झाली. मग नुकसान खूप होईल.’ तलाठी आले की यायचेत? आणि हे ‘मग’ म्हणजे ‘त्यानंतर’ की ‘त्यामुळे’? बोलताना आपण सगळीकडं ‘मग’ लावतो, समोरचा तोंडाकडं बघून समजून घेतो. कागदाला तोंड नसतं. (बातम्यांतलं ‘दरम्यान’ त्याहून वाईट. आधीच्या परिच्छेदाशी काही नातं नसलं की ‘दरम्यान’.)

काळ बदलूच नये असं मी म्हणत नाही. ओट्यावर नाना सांगतात, “सकाळी गेलो, बांधावरून पाहतो तर काय, अख्खा बाग झोपलेला!” ‘गेलो’वरून ‘पाहतो’वर उडी, आणि ऐकणारा थेट बांधावर. ती उडी जाणूनबुजून मारलेली. अर्जात मात्र पाय घसरलेला.

रात्री बसून नवा अर्ज केला. ‘काल दुपारी साडेचारला वादळ आले. त्या वाऱ्याने सुमारे आठशे खोडे मोडली. ती अजून शेतात पडून आहेत. पाहणी झालेली नाही, ती व्हावी.’

नानांनी दोनदा वाचला. “लई कोरडा झाला भो.” सही केली, आणि माझं लक्ष नाही पाहून दुसऱ्या वाक्याच्या आधी बारीक अक्षरात घातलंच : ‘मग’.