चर्चमधलं गाणं फुकटच राहू दे, बिदागी मात्र द्या

आमच्याकडे गोव्यात चर्चमधे वेस्टर्न क्लासिकलचे, भक्तिसंगीताचे जे फुकट कार्यक्रम होतात ना, त्यावर हल्ली एक वाक्य सारखं ऐकतोय, "फुकट ठेवलं की लोकांना किंमत नसते, तिकीट लावा." मला हे अजिबात पटत नाही.

अहो आपण फोंड्याकडची माणसं, मंगेशी म्हार्दोळच्या देवळांत वाढलेली, सभामंडपात गाणं ऐकायला आपल्यापैकी कुणी कधी तिकीट काढलंय का? गवयाची बिदागी देवस्थान बघतं, ऐकणारा चप्पल काढून आत येतो आणि जागा मिळेल तिथे बसतो. केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीकर कुर्डीच्या, दोघी मोठ्या गायिका आपल्याच मातीतल्या, तिकीट नव्हतं म्हणून काय ऐकणाऱ्यांना त्यांची किंमत नव्हती? तिकडे पॅरिश स्कूलमधे, म्हणजे चर्चच्या शाळेत, पिढ्यानपिढ्या पोरांना सोल्फेज (सूर वाचून गाणं) न् व्हायोलिन शिकवलं, त्यातूनच मुंबईच्या सिनेमाला वादक मिळाले, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलालजी व्हायोलिन शिकले ते मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे.

आणि यातलं कितीतरी संगीत मुळात लिहिलंच गेलं चर्चसाठी. मोझार्टचं 'आवे वेरुम कॉर्पुस' हे लॅटिन भक्तिगीत घ्या, १७९१ साली, मरणाच्या काही महिने आधी त्यानं ते लिहिलं, कुणा राजासाठी नाही, व्हिएन्नाजवळच्या बाडेन गावच्या चर्चमधे कॉयर, म्हणजे गायकवृंद, सांभाळणाऱ्या मित्रासाठी. जेमतेम तीन-चार मिनिटांचं आहे, पण ते चर्चमधे बसूनच ऐकावं. आपल्याकडच्या जुन्या चर्चमधे कॉयरची जागा मुख्य दरवाजाच्या वर, माळ्यावर, म्हणजे बसलेल्यांच्या पाठीमागे, त्यामुळे गाणारं कुणी दिसतच नाही, समोर फक्त आल्तार, म्हणजे चर्चची वेदी, आणि आवाज मागून डोक्यावरून येतो, चिऱ्याच्या जाड भिंती, वर कमानीचं छत, गाणारे थांबले तरी शेवटचा सूर वर फिरत राहतो. आयोजकांनो, हात जोडून सांगतो, तिथे माईक लावू नका, सगळे सूर एकमेकांत मिसळून जातात.

कलाकारांना पैसे मिळायलाच हवेत, त्यात वादच नाही. व्हायोलिनच्या तारा, शिकवणीची फी, रोजचा रियाज, हे काय फुकट येतं? पण ते देवळासारखं करा ना, गावातले व्यापारी, परदेशात असलेले गावकरी मिळून बिदागी उभी करू देत, दारात एक दानपेटी ठेवा आणि दार उघडं ठेवा. सोबत लॅटिन गाण्यांचा अर्थ कोंकणी-मराठीत छापलेला एक कागद दिलात तर आमच्यासारख्यांना फार बरं होईल.

माझी आई आधी विचारायची, "आपण गेलेलं चालतं का रे तिथे?" चालतं, कुणी अडवत नाही, मोबाईल बंद ठेवायचा आणि गाणं पूर्ण संपल्यावर टाळ्या वाजवायच्या, एवढंच. आता कोरेज्मात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, मोतेत ही चर्चमधली भक्तिगीतं ऐकायला तीच मला घेऊन जाते. नाताळाआधी तुमच्या जवळच्या चर्चबाहेर कार्यक्रमाचा बोर्ड दिसला तर घरच्या पोरांना घेऊन जा, आणि निघताना पेटीत शंभर-दोनशे टाका.