मिलर्स डेलला आता गाडी येत नाही

‘शकुंतलेचा वॉकिंग ट्रॅक करा, इंग्लंडमध्ये असंच करतात’ हा मेसेज आमच्या कारंज्याच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. शकुंतला म्हणजे आमची यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज गाडी; ती बंद पडली. ब्रॉडगेज करा म्हणणारे एकीकडे, वारसा म्हणून जपा म्हणणारे दुसरीकडे. पण इंग्लंडचा दाखला देताच आहात, तर तोही पुरता ऐका.

मी राहतो मँचेस्टरला. बक्स्टनच्या पलीकडे चुनखडीच्या दरीत मिलर्स डेल स्टेशन आहे, मिडलँड रेल्वेनं 1863 साली उघडलेलं. गाव एवढंसं, पण फलाट पाच आणि फलाटावरच पोस्ट ऑफिस! कारण लंडन-मँचेस्टर मेन लाइनवरून बक्स्टनला जाणारे इथं गाडी बदलत. मार्ग झाला तेव्हा इंग्रज लेखक जॉन रस्किन भयंकर चिडला होता: बक्स्टनचा मूर्ख अर्ध्या तासात बेकवेलला आणि बेकवेलचा बक्स्टनला पोचावा, एवढ्यासाठी ही दरी नासवली! आज त्याच मार्गावरच्या मॉन्सालच्या रेल्वे पुलावर लोक सेल्फी काढतात, आणि पूल संरक्षित वास्तू आहे.

तोट्यातले मार्ग बंद करा सांगणाऱ्या 1963 च्या बीचिंग अहवालानंतर देशभर रेल्वेची छाटणी झाली. 1967 मध्ये स्टेशन बंद, 1968 मध्ये मार्गच. रुळांच्या जागी पायवाट, म्हणजे मॉन्साल ट्रेल, 1981 ला झाली, पण मोठे बोगदे 2011 पर्यंत बंदच. म्हणजे तीस वर्षं चालणाऱ्यांनी डोंगराला वळसा घातला. आता दोन फलाटांच्या मधून, जिथं रूळ होते तिथून, सायकली जातात. भर उन्हाळ्यात बोगद्यात शिरलं की अंगावर काटा येतो, इतकं गार. स्टेशनात कॅफे आहे, चहा बरा मिळतो. आवारात कार पार्क आहे, आणि माझ्या मते खरी गोम तिथंच आहे. ही वाट चालायलासुद्धा बहुतेक जण मोटारीनं येतात.

रूळ परत टाका म्हणणारे इथंही आहेत. मग सायकलवाले विचारतात, आमची वाट कुठं जाणार? एकदा ट्रेल रुळला की गाडी परत आणणं किती अवघड, ते इथं दिसतं.

शकुंतलेचं वाफेचं इंजिन 1921 साली याच मँचेस्टरमध्ये बनलं आणि 1994 पर्यंत वऱ्हाडात धावलं. ते जरूर जपा, शेड बांधून ठेवा. पण अचलपूरच्या माणसाला मूर्तिजापूरला मुंबईची गाडी धरायची असते. त्याच्या हातात सायकल ट्रॅक देऊन काय उपयोग? इथल्या लोकांनी एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली: जमिनीचा पट्टा तुकडे न करता पीक डिस्ट्रिक्ट या इथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात दिला. त्यामुळे ‘गाडी परत आणा’ असं निदान म्हणता तरी येतं. ग्रुपवरून निवेदन जाणारच असेल, तर पहिली ओळ ही लिहा: रुळाखालच्या जागेची मोजणी करा आणि हद्दीचे दगड रोवा. ब्रॉडगेज की वारसा, हे भांडण त्यानंतरही करता येईल.