दहा मीटरला चार बोटं कमी

जंगलाच्या कडेला वन्यप्राण्यांसाठी तलाव बांधायला निघाला असाल, तर आधी टेप हातात घ्या. माती काय, नंतरही आणता येते. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात 15 मीटरवरचं प्रत्येक धरण येतं. 10 ते 15 मीटरमधलं येतं ते माथ्याची लांबी 500 मीटर, साठा 10 लाख घनमीटर किंवा पूरविसर्ग सेकंदाला 2000 घनमीटर भरला तर, नाहीतर पाया फारच अवघड किंवा संकल्पन जगावेगळं असलं तर. म्हणून तुमचा बांध 9.90 चाच. पावसाळ्याआधीची तपासणी टळली, नंतरचीही टळली. कायदा उंची पायाच्या सर्वांत खालच्या भागापासून मोजतो, तुम्ही मात्र नाल्याच्या तळापासून मोजा. गाळमाती खरवडून दीड मीटर खाली पाया बसवलाय, ते आता कोण उकरून बघतंय?

कुणी धोक्याचा वर्ग काढलाच, तर ‘बांध नवा कोरा आहे, धोका कसला?’ एवढंच म्हणा. वर्ग बांधाच्या तब्येतीवरून ठरत नाही, फुटला तर पाणी कुणाच्या दारात जाईल यावरून ठरतो, हे समोरच्याला ठाऊक नसलं की निभावतं. ठाऊक असलंच, तर मंजुरीच्या वेळचा नकाशा पुढे करा, त्यात खाली नुसतं रान आहे. पण पाणी आलं की सांबर येतं, सांबरामागे वाघ येतो, आणि वाघामागे नाल्याच्या काठाला रिसॉर्ट. स्विमिंग पूलसकट. ते नकाशात घालायची घाई नको.

सांडव्यावर मात्र खरी कल्पकता दाखवा. 10 मीटर रुंद सांडव्यावरून 60 सेंटिमीटर खोलीचं पाणी गेलं, तर सेकंदाला आठेक घनमीटर निघून जातं. केवढी ही नासाडी! दिवाळीनंतरही तलाव भरलेला दिसावा म्हणून वाळूच्या पोत्यांचा 30 सेंटिमीटरचा थर लावा. आता तेवढ्याच पातळीला तीन घनमीटरही जात नाहीत. उरलेल्या पाण्याला वर चढून माथाच गाठावा लागतो. माथाही मदतीला येतो, कारण नाला मधोमध खोल, तिथेच भराव सर्वांत उंच, आणि तोच सर्वांत जास्त दबतो. दबण्यापुरती जादा उंची आधीच दिली नसेल, तर ऐन मध्यावर पाण्याला आयती वाट मिळते. मातीचा उतार खालच्या कडेपासून कापत वर यायला मग फार वेळ लागत नाही.

बांधावर उंबर लावा, पाखरांची सोय होते. झाड मेलं की मूळ कुजतं आणि त्या जागी बोगदा उरतो. वादळात उन्मळलं तर बुंध्याबरोबर बांधाचा लचकाही जातो, पण तोवर देखभालीची मुदत संपलेली असते. खालच्या उतारावर साळिंदराने बीळ केलं, तर फलक लावा, ‘अधिवास विकसित’. बिळामुळे पाझराची वाट तेवढी आखूड होते, हे फलकावर मावत नाही. विमोचकाच्या, म्हणजे तलावातलं पाणी खाली सोडायच्या पाइपभोवती रोलर जात नाही, तिथे हाताच्या ठोकणीने पातळ थर बसवायचे असतात. त्यात दोन दिवस मोडतात, तेव्हा मुरूम लोटा आणि पुढे चला.

पायथ्याशी पाणी झिरपू लागलं, तर रानडुकरं लोळून गेल्यावर पाहणीला जा. स्वच्छ पाझर नुसता मोजत राहिला तरी चालतं, गढूळ आला तर बांधाची माती आतून वाहते आहे, असं जाणकार म्हणतात. डुकरांनंतर सगळंच गढूळ असतं, त्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही आणि अहवाल स्वच्छ राहतो.

एवढं करूनही फुटलाच, तर घाबरू नका. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, खालची घरं माणसांसकट वाहून गेली, आणि तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं. तुमची बाजू त्याहून भक्कम आहे. तिथे खेकडे बिनपरवानगी आले होते. तुमच्या अंदाजपत्रकाच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय, ‘प्रयोजन: वन्यजीव अधिवास’.