३४० ग्रॅमचा ढवळ्या

नागपूरच्या माणसानं डोंगर चढण्याच्या गोष्टी करूच नयेत. रेल्वे स्टेशनजवळच्या ज्या उंचवट्यावर आमचा गणपती बसलाय, त्याला आम्ही 'टेकडी' म्हणतो आणि दर्शन घेऊन घरी आलो की आधी पाणी मागतो. दुसरी चढण सेमिनरी हिल्सची. तिला कोणीतरी कौतुकानं 'हिल्स' म्हटलं, आम्ही त्याचा मान ठेवला. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर, आणि निवृत्त झाल्याबरोबर मी ठरवलं की संदकफूला जायचं. उंची ३६३६ मीटर, पश्चिम बंगालचं सगळ्यात उंच टोक. वजाबाकी एकदा केली. पुन्हा करायची हिंमत झाली नाही.

घरच्यांनी विरोध केला असता तर सुटलो असतो. त्यांनी पुतण्याला सोबत दिलं.

पुतण्या मिहानमध्ये कॉम्प्युटरवर काम करतो आणि उरलेल्या वेळात वजन कमी करतो. स्वतःचं नाही, सॅकचं. ही एक वेगळीच जमात आहे. अमेरिकेत जॉर्जियापासून मेनपर्यंत ॲपलेशियन ट्रेल नावाची साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. ती चालणारे काही जण टूथब्रशची दांडी अर्धी कापतात, कपड्यांची लेबलं उसवतात, नकाशाचे कोरे काठसुद्धा ठेवत नाहीत. हे सगळं पुतण्याला एखाद्या स्तोत्रासारखं पाठ. त्याच वाटेवर १९५५ साली एम्मा गेटवूड नावाची ६७ वर्षांची आजी खांद्यावर एक कापडी पिशवी टाकून, साधे कॅनव्हासचे बूट घालून एकटी चालत गेली, हेही त्यानंच सांगितलं.

"तंबू नव्हता काका तिच्याजवळ. बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा होता फक्त!"

"मग मलेही भाजीची पिशवी चालते," मी म्हटलं.

तर नाही. मला नऊ हजारांची सॅक घ्यावी लागली. हलक्या वस्तूंचं असंच असतं, जितके ग्रॅम कमी तितके रुपये जास्त.

मग एका रविवारी डायनिंग टेबलावर सामानाची मोजणी झाली. चकलीची भाजणी मोजायच्या वजनकाट्यावर माझ्या बनियन-चड्ड्या मोजल्या गेल्या. बायकोनं तो काटा नंतर तीनदा पुसला. एकूण ओझं शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नको, असा पुतण्याचा नियम. माझी ऊनटोपी बाद, स्टीलचा डबा बाद. चिवडा दोन किलोवरून पाव किलोवर आला. बायको बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "अहो, यांचं पोटच सहा किलो आहे. ते कोणत्या रकान्यात लिहिलं?"

हिशेब कसाबसा जुळला आणि तेवढ्यात नातू आला. हातात ढवळ्या.

"आबा, याला पण न्या. याला बर्फ बघायचाय."

ढवळ्या म्हणजे तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल. हे बाहेरगावच्या लोकांना समजावून सांगावं लागतं. पोळा खऱ्या बैलांचा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा. लाकडी बैलाला दोरी बांधायची, चाकांवर खडखडत न्यायचा, दारोदार उभं राहायचं आणि बोजारा, म्हणजे बैलाची बक्षिसी, मागायचा. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली ही पद्धत सुरू केली, असं आमच्याकडे सांगतात. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, यांची मिरवणूकही निघते. म्हणजे मोठी माणसं ईडापीडा गावाबाहेर घालवत असतात आणि त्याच वेळी पोरं चिल्लर घरात आणत असतात.

हा ढवळ्या मुळात माझा. मी पाच वर्षांचा असताना बाबांनी नागपूरच्या महाल भागातून आणलेला. माझ्या वेळी त्यानं चार आण्यांचा बोजारा खाल्ला, मुलाच्या वेळी रुपयाचा. आता दहाच्या नोटेखाली कोणी काही दिलं तर नातू आणि बैल दोघंही दारातून हलत नाहीत. नुकत्याच झालेल्या पोळ्याला त्याला नवा पांढरा रंग दिला होता, शिंगांना बेगड लावली होती.

पुतण्यानं काही न बोलता ढवळ्याला काट्यावर ठेवलं. ३४० ग्रॅम.

"काका, हे नाही जमणार. यात चार जोड मोजे येतात."

नातवाचा ओठ थरथरायला लागला. मी तडजोडीचा सूर शोधत होतो, पण आतल्या खोलीतून आई बोलली. आई त्र्याऐंशीची. कानानं कमी ऐकते, पण जे ऐकू नये ते बरोबर ऐकते.

"तुहा बाप चौरागडाले सात किलोचा त्रिशूळ खांद्यावर घेऊन गेला होता. तुह्या जल्माचा नवस होता थो. अन् तुले हा एवढुसा बैल जड झाला काय?"

यावर उत्तर नव्हतं. पचमढीच्या चौरागडाला महाशिवरात्रीला विदर्भातून झुंडीनं माणसं जातात, हजाराच्या वर पायऱ्या चढतात आणि नवसाचे लोखंडी त्रिशूळ महादेवाजवळ ठेवून येतात. वर त्रिशूळांचा नुसता ढीग आहे. त्यात एक माझ्यापायी गेलेला. पुतण्याच्या रकान्यांत हे कुठं बसवायचं?

खरं तर बिनकामाचं ओझं घेऊन लांब चालणं ही आपली जुनी खोड आहे. शेगावहून महाराजांची पालखी महिनाभर पायी पंढरपूरला जाते, आणि वारीत बाया डोक्यावर तुळस घेऊन चालतात. मातीसकट. नर्मदा परिक्रमेवाले हजारो किलोमीटर चालतात, झोळीत दुसरी वस्त्रं नसतील एखाद्या वेळी, पण नर्मदेच्या पाण्याची कुपी असतेच. नदी शेजारून वाहते आहे, तरी तिचंच पाणी बाटलीत घेऊन तिच्याच काठानं चालायचं! आमच्या पुतण्याला हे सांगितलं तर त्याला चक्कर येईल. आणि नुसते भाविकच असं करतात असंही नाही. २९ मे १९५३ ला तेनझिंग एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचला, तेव्हा त्यानं तिथल्या बर्फात थोड्या गोळ्या-मिठाया पुरल्या आणि सोबत मुलीनं, निमानं, दिलेली लाल-निळी पेन्सिल. त्या उंचीवर ऑक्सिजनचा हिशेब घोटाघोटानं चालतो. त्यात पेन्सिल.

पुतण्याला ही पेन्सिल लागली. पण तो लगेच हार मानणारा नाही. मग मी शेवटचं अस्त्र काढलं. २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकात गेला, तेव्हा यानात जॉय नावाचं एक पांढऱ्या हंसाचं खेळणं होतं. ते तरंगायला लागलं की समजायचं, वजन गेलं.

"तिथे वजन नसतेच ना काका," पुतण्या म्हणाला. "तिथे मीही नाही म्हटलं नसतं."

ढवळ्या सॅकमध्ये गेला. त्याच्या जागी मोजे बाहेर आले, माझे.

विमानतळावर माझी सॅक दोनदा यंत्रातून गेली. जवानानं बोलावलं. "सर, इसमें क्या है? सींग जैसा कुछ दिख रहा है."

"बैल आहे. म्हणजे, बैल है."

त्यानं बैल बाहेर काढला, उलटा केला, चाकं फिरवून बघितली. मागे रांग वाढत होती. मी पोळा, तान्हा पोळा, भोसले असं सगळं एका दमात हिंदीत सांगितलं. त्याला एकच गोष्ट समजली. "बच्चे का है ना?" म्हणाला आणि ढवळ्याला हातानं परत सॅकमध्ये बसवलं, तोंड वर करून. माझी पाण्याची बाटली मात्र फेकायला लावली.

मानेभंजनहून चालायला सुरुवात झाली. तिथे जुन्यापुराण्या लँड रोव्हर गाड्या अजून दगडांवरून धडधडत वर जातात. त्यांतल्या एकीत बसावं, असं मला पहिल्या किलोमीटरलाच वाटलं. पुतण्या पुढे हरणासारखा. मी मागे धापा टाकत. दर थांब्यावर खिशातला मोबाइल निघायचा, पण माझ्यासाठी नाही. नातवाशी करार झाला होता की रोज ढवळ्याचे तीन फोटो. ढवळ्या दगडावर, ढवळ्या सीमेच्या खांबाजवळ (ही वाट भारत-नेपाळ सीमेवरून सारखी आत-बाहेर करते), ढवळ्या चहाच्या ग्लासाला टेकलेला. कुटुंबाच्या ग्रुपवर पहिल्या संध्याकाळी सतरा उत्तरं आली. 'ढवळ्या दमला का?', 'ढवळ्याला थंडी वाजत असेल', 'ढवळ्याच्या मागे ते कोण उभं आहे, हात थोडे बाजूला घ्या'. ते हात माझे होते. माझा गुडघा सुजला होता, हे मी आठव्या मेसेजात लिहिलं. त्यावर एक अंगठा आला.

तुमलिंगला मुक्काम केला त्या घरातल्या दीदीनं ढवळ्याला बघितलं आणि हात जोडले. तिला तो आमचा देव वाटला. नंदी आहेच म्हणा, मी खोटं कसं बोलू? सकाळी बघतो तर ढवळ्या त्यांच्या देवघरात, कपाळावर तांदळाचा लाल टिळा आणि समोर उदबत्ती. मला थर्मासमधला कालचा चहा.

दुसऱ्या दिवशी गैरीबास सोडून कालीपोखरीकडे निघालो आणि अघटित घडलं. मुक्कामाला पोचून ढवळ्याला बाहेर काढलं, तर मागचं उजवं चाक नाही! फोटोसाठी मध्ये कुठेतरी दगडावर चालवून बघितला होता, तिथेच निसटलं असणार. पुतण्या म्हणाला, "चला, अकरा ग्रॅम कमी झाले." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो विजेरी घेऊन अर्धा किलोमीटर मागे जाऊन आला. चाक मिळालं नाही.

त्याच रात्री कालीपोखरीला जेवणाच्या टेबलावर कोलकात्याचे एक निवृत्त मास्तर भेटले. ढवळ्या बघून हसले. "नागपूर? मग संत्रं का नाही आणलं?" असं त्यांनी विचारलं, ते सगळेच विचारतात. मग त्यांनी जॅकेटच्या आतल्या खिशातून एक पितळी विजेरी काढून टेबलावर ठेवली, जुनी, पोचे आलेली. बायको होती तेव्हा दोघं मिळून डोंगरात फिरायचे, ही तिची. मी बटण दाबलं. लागली नाही.

"सेल नाहीत," मास्तर म्हणाले. "वजन फार होतं त्यांचं. काढून ठेवले."

पुतण्या ताटात बघत बसला. त्या रात्री वजनाचं काही बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी बिखेभंजननंतरचा चढ. त्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, कारण मला तो फारसा आठवत नाही. पाच पावलं चालायचं आणि दहा श्वास घ्यायचे. एका वळणावर मी जो बसलो तो उठेच ना. पुतण्या खाली उतरून आला. मला वाटलं, आता माझी सॅक घेईल. त्यानं सॅकची चेन उघडली, ढवळ्याला काढलं आणि स्वतःच्या सॅकच्या बाजूच्या जाळीच्या खिशात ठेवलं, बाटलीच्या जागी. बाटली मला दिली.

"आता हलकं वाटेल काका."

बाटली एक लिटरची होती. त्याला म्हटलं नाही काही. पुढचा सगळा चढ माझ्या डोळ्यांसमोर ढवळ्याचं तोंड होतं, मागे वळून माझ्याकडे बघत असलेलं. पोळ्याच्या दिवशी दमलेला बैल धन्याकडे बघतो तसं. फक्त दमलेला मी होतो.

संदकफूला पोचलो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला सगळे बाहेर. अंधारात दात वाजत होते. मग पूर्वेला रंग चढला आणि कांचनगंगेची ओळ उजळली, तो निजलेला बुद्ध म्हणतात ना, तसाच दिसतो. डावीकडे दूर मकालू, ल्होत्से आणि त्यांच्यामध्ये एव्हरेस्ट. जगातल्या सगळ्यात उंच पाच शिखरांतली चार एका नजरेत! मी सगळं विसरून उभा होतो. पुतण्या मात्र गोठलेल्या गवतावर पोटावर आडवा झाला होता. ढवळ्या दगडावर, मागे कांचनगंगा, आणि चाक नसलेली बाजू कॅमेऱ्यापासून लपवलेली. चार दिवस ज्यानं मला ग्रॅम शिकवले, तो त्या थंडीत बैलाची शेपटी सरळ करत होता.

माझ्या तोंडून आपोआप झडती, म्हणजे पोळ्याला म्हणतात ते गाणं, निघाली, हळूच, "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!" मागून बंगाली घोळक्यातून चार-पाच आवाज आले, "महादेव!" बोजारा मात्र कोणी दिला नाही.

नागपूरला उतरलो. घरात पाऊल ठेवलं, तर नातू दारातच. मला ओलांडून सॅककडे गेला. ढवळ्याला काढून उलटा केला. सगळं घर श्वास रोखून.

"याचं चाक?"

"तिथं राहिलं रे बाबा. डोंगरात."

त्यानं थोडा विचार केला. "बर्फात?"

बर्फ नव्हताच. गवतावर गोठलेलं दव होतं, ते फोटोत बर्फ म्हणून खपवलं होतं. मी मान हलवली, कोणत्याही अर्थानं घेता येईल अशी.

"मग आणायला कधी जायचं?" नातू म्हणाला.

पुतण्यानं मोबाइल काढला आणि मार्चची तिकिटं बघायला लागला. बायकोनं टेबलावरचा वजनकाटा उचलला आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे नेऊन ठेवला.