आइसलँडमध्ये व्हॅन कुठेही लावून झोपता येत नाही

गेल्या दोन महिन्यांत एकच फॉरवर्ड मला पाच ग्रुपांवर आला. शाळेच्या, सोसायटीच्या, आणि शेवटी सासऱ्यांकडूनही, खाली 'तुमचं काय मत?' असं लिहून. धबधब्यापुढे उभी असलेली पांढरी व्हॅन, वर 'आइसलँड, स्वप्नातली सहल निम्म्या खर्चात!' आणि मग मुद्दे. कॅम्पर व्हॅन घ्या, हॉटेलचा खर्च शून्य. आवडेल तिथे गाडी लावा आणि झोपा, तिथे कायद्यानेच मुभा आहे. रिंग रोड, म्हणजे बेटाला वळसा घालणारा रस्ता, पाच दिवसांत आरामात होतो, समृद्धीवरून नागपूरला जाऊन आल्यासारखा. फुल इन्शुरन्स घेतला की गाडी कुठेही घाला. जेवण व्हॅनमध्येच करा. जून-जुलैत जा, नॉर्दर्न लाइट्सही (आकाशातला रंगीत ध्रुवप्रकाश) दिसतील. टोल कुठेच नाही.

मी व्हॅन घेऊन त्या बेटाला दोनदा वळसा घातलाय. एकदा आम्ही दोघंच, एकदा आठ वर्षांच्या लेकीला घेऊन. व्हॅनची सहल मला मनापासून आवडते, म्हणूनच सासऱ्यांना एका ओळीत उत्तर देता आलं नाही.

सगळ्यात घातक ओळ 'कुठेही झोपा' ही. नोव्हेंबर २०१५पासून तिथे निसर्गसंरक्षणाचा नवा कायदा लागू आहे. व्हॅन असो, कॅराव्हॅन असो, नेमलेल्या कॅम्पसाइटबाहेर गाडीत रात्र काढायची तर जमीनमालकाची परवानगी लागते. धबधब्याचं पार्किंग, रस्त्याकडेचा थांबा, दुकानापुढचं आवार, यातलं काहीच चालत नाही. रात्री काचेवर टकटक होते आणि पुढचा संवाद आपल्याला आवडेल असा नसतो.

हा गैरसमज कुठून आला असेल ते मात्र समजू शकतं. नॉर्वेत १९५७च्या कायद्याने मोकळ्या रानात कोणालाही पायी हिंडायला आणि राहत्या घरापासून किमान १५० मीटर अंतर ठेवून तंबू ठोकायला मुभा आहे. आइसलँडमध्येही पायी हिंडणाऱ्यांसाठी अशी जुनी परंपरा आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने दोन देश एकत्र कालवले आणि पायी चालणाऱ्याचा हक्क चार चाकांना देऊन टाकला. शिवाय कायदा कडक होण्याला कारण होतं. २०१०मध्ये या देशात पाच लाखांहून कमी परदेशी पाहुणे आले, २०१८मध्ये तेवीस लाखांच्या आसपास. देशाची स्वतःची लोकसंख्या चार लाखही नाही. रस्त्याकडेला झोपलेला माणूस सकाळी उठून विधीसाठी कुठे जातो, हा प्रश्न तिथल्या शेतकऱ्याला आपल्याआधी पडला. तिथल्या लाव्हावर चढलेलं शेवाळ तर इतकं नाजूक असतं की चाकांचे चरे अनेक दशकं तसेच राहतात. रस्ता सोडून गाडी घालणं हा त्या देशात गुन्हाच आहे आणि दंड सणसणीत असतो.

कॅम्पसाइट म्हटल्यावर दचकायचं कारण नाही. बहुतेक गावांना एक असते, बऱ्याच ठिकाणी आगाऊ बुकिंग लागत नाही, नळाचं थंड पाणी बेधडक प्यावं. (गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, तो जमिनीखालचा. पहिल्या दिवशी लेकीने आंघोळच नाकारली होती.) पैसे साधारण माणशी असतात, गरम शॉवरचे कुठे वेगळे. तिथलं कॅम्पिंग कार्ड दोन मोठ्यांना आणि चार मुलांना मिळून २८ रात्री चालतं. पण सगळ्या जागा त्यात नाहीत, कर वेगळा, आणि ते उन्हाळ्यापुरतंच. मेच्या मध्याआधी आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर बऱ्याच कॅम्पसाइटना कुलूप असतं. 'हिवाळ्यात व्हॅन स्वस्त मिळते' असंही एकाने त्या फॉरवर्डखाली लिहिलं होतं. मिळते. डिसेंबरात राजधानी रेक्याविकला उजेड जेमतेम चार तास असतो, तेवढं लक्षात ठेवून घ्या.

आता 'हॉटेलचा खर्च शून्य'. ही तुलनाच लबाडीची आहे. व्हॅनचं भाडं हॉटेलशी ताडायचं नसतं, साधी गाडी अधिक खोली या बेरजेशी ताडायचं असतं. जुलै-ऑगस्टला भाडी कडाडलेली असतात. त्यात कॅम्पसाइट, इंधन, प्रेक्षणीय जागांचं पार्किंग आणि विम्याचे थर धरा. दोघांना थोडा फायदा राहतो. चौघांना मोठी व्हॅन लागते, आणि मग गणित बघता बघता फिरतं. झोपायला चार जागा असल्या तरी पट्ट्याच्या सीट किती, ते आधी विचारावं. १३५ सेंटिमीटरपेक्षा बुटक्या मुलाला वेगळी सीट कायद्याने लागते.

रिंग रोडची लांबी १३२२ किलोमीटर. समृद्धी ७०१, म्हणजे जाऊन-येऊन १४०२. आकडे जुळतात हे खरं, त्यातच फसगत आहे. समृद्धीवर ताशी १२० चालतं. आइसलँडमध्ये डांबरी रस्त्यावर कमाल ९० आणि खडीच्या रस्त्यावर ८०, तेही हवा बरी असेल तर. बहुतेक रस्ता दोनच पदरी, मध्ये दुभाजक नाही. मध्येच एकपदरी पूल येतो, त्यावर 'आइनब्रेइद ब्रू' अशी पाटी असते. ज्याची गाडी आधी पोचते तो आधी जातो. उन्हाळाभर मेंढ्या मोकाट असतात. आई रस्त्याच्या या बाजूला आणि कोकरू त्या बाजूला दिसलं की वेग कमी करा, कारण ते कोकरू हमखास आईकडे धावणार. आणि आपल्याकडची सवय मोडून गाडी उजव्या बाजूने चालवायची असते, हे मी फॉरवर्डमध्ये कुठे वाचलं नाही.

पाच दिवसांत चाक फिरतं, सहल होत नाही. बघण्यासारखं बरंचसं रिंग रोडवर नाहीच. थिंगवेटलिरचं राष्ट्रीय उद्यान आणि गेसिरचे गरम पाण्याचे फवारे आत आहेत, देत्तिफॉसचा धबधबा आत आहे, स्नायफेल्सनेसचं अख्खं द्वीपकल्प बाजूला आहे. रेक्याविकहून व्हीक हे गाव १८७ किलोमीटर, व्हीकहून होप्न हे पुढचं गाव साधारण २७०. या दुसऱ्या टप्प्यातच हिमनद्यांच्या पायथ्याचं स्काफ्टाफेल आणि योकुल्सारलोन येतं, हिमनदीचे तुकडे तरंगणारं ते तळं. तिथून दोन तासांच्या आत निघणारा माणूस मी अजून पाहिला नाही. हा रस्ता पूर्ण झाला तोही १९७४मध्ये. दक्षिणेकडच्या स्केइदारारसांदूरच्या वाळूच्या पठारावर हिमनद्यांचे प्रवाह पात्र बदलत राहायचे, त्यांच्यावर पूल झाले तेव्हा कुठे वर्तुळ जुळलं.

घाई न करण्याचं खरं कारण वारा, आणि इथेच 'फुल इन्शुरन्स'चा मुद्दाही कोसळतो. त्यांचं हवामान खातं वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये सांगतं. आपण '२०' वाचतो आणि मनात म्हणतो, वीस तर वीस. ते ताशी ७२ किलोमीटर असतं. उंच, हलक्या अंगाच्या व्हॅनने १५च्या पुढे गेलं की मुकाट्याने थांबावं. दक्षिणेला एयाफ्योत्लच्या डोंगरांच्या पायथ्याशी आणि पूर्वेला ओराइवीच्या बाजूला डोंगरावरून असे झोत येतात की स्टिअरिंग हातातून सुटेल असं वाटतं. पहिल्या खेपेला आम्ही थांबलो होतो, निसर्ग बघायला. बायकोने दार उघडलं आणि वाऱ्याने ते पुढच्या बाजूला पार उलटवलं. बिजागरी वाकली. आमच्याकडे 'सगळ्यात वरचं' पॅकेज होतं. वाऱ्याने मोडलेलं दार त्यात बसत नव्हतं, आणि बहुतेक करारांत बसत नाही. उडणाऱ्या वाळूने आणि राखेने होणाऱ्या नुकसानीचा विमा वेगळा, खडीने होणाऱ्याचा वेगळा. नदी ओलांडताना गाडीच्या पोटाला किंवा इंजिनाला पाण्याने काही झालं, तर जवळपास कोणताच विमा मदतीला येत नाही. तेव्हापासून आम्ही व्हॅन नाक वाऱ्याकडे करूनच लावतो आणि दार दोन्ही हातांनी धरून उघडतो.

'कुठेही घाला' यातला दुसरा सापळा म्हणजे एफ-रस्ते. ज्या रस्त्याच्या क्रमांकाआधी एफ आहे तो डोंगरातला, कच्चा, बऱ्याचदा नद्यांतून जाणारा. तिथे फोर-बाय-फोरच चालते, साध्या कॅम्परला बंदी. लांडमन्नालॉयगारचे रंगीत डोंगर बघायचे तर तिथे जाणारी उंच चाकांची बस पकडा. हे रस्ते जूनच्या मध्यानंतर, कधी जुलैत उघडतात. पूर्वेला ओक्सीची खिंड एफ नाही, पण चढाची आणि खडीची आहे. नकाशाचं ॲप जवळची वाट म्हणून बिनदिक्कत तिकडे वळवतं. व्हॅन असेल तर किनाऱ्याकिनाऱ्याने जा.

स्वयंपाकाच्या मुद्द्यावर मी निम्मा फॉरवर्डच्या बाजूने आहे. मेतकूट-भात होतो, उपमा होतो, बोनुसच्या दुकानातून स्किर (तिथलं चक्क्यासारखं घट्ट दही) आणून त्यात साखर घातली की लेकीचं श्रीखंड होतं. पण छोट्या व्हॅनमध्ये आत शेगडी पेटवायला भाड्याच्या करारातच बहुधा मनाई असते, आणि बाहेर वारा ज्योत टिकू देत नाही. ज्या कॅम्पसाइटवर स्वयंपाकाची बंदिस्त जागा आहे ती निवडावी. मोहरी-हिंगाची फोडणी आत दिलीत, तर उरलेली सगळी सहल तुमची उशी फोडणीची होते. ऊब यावी म्हणून काचा लावून शेगडी चालू ठेवणं तर जिवावरचं आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गॅसचा डबा विमानातून नेता येत नाही, तिथेच घ्यावा. आधीच्या लोकांनी निम्मे वापरून सोडलेले डबे काही कॅम्पसाइटच्या फळीवर फुकट मिळतात, फॉरवर्डला फुकटच हवं असेल तर हे घ्या.

नॉर्दर्न लाइट्सचं एका वाक्यात: जून-जुलैत रात्र काळी होतच नाही, मग दिसणार कशात? ऑगस्टच्या शेवटापासून आशा धरावी. जूनला जाताना डोळ्यांवर बांधायची पट्टी न्यावी.

मग व्हॅन घ्यायची कशाला? तर बेत बदलता येतो म्हणून. दुसऱ्या खेपेला आम्ही दहा दिवस ठेवले होते आणि पुढच्या एकाही रात्रीचं बुकिंग नव्हतं. होप्नला पोचलो आणि वाऱ्याचा इशारा लागला. हॉटेलांत उतरणारे प्रवासी पुढच्या गावच्या खोलीचे पैसे बुडतील म्हणून तशा वाऱ्यात निघाले. आम्ही दोन रात्री तिथेच राहिलो. दिवसा गावच्या तरणतलावाच्या गरम पाण्यात बसायचं, बाहेर आडवा पाऊस. (तलावात उतरण्याआधी कपडे काढून साबणाने आंघोळ सक्तीची आहे, स्त्री-पुरुषांच्या वेगवेगळ्या न्हाणीघरांत, पण इतरांसमोर. संकोच घरी ठेवून या.) पाच दिवसांच्या बेतात हे दोन दिवस आणणार कुठून?

आणि टोल. ह्वालफ्योर्दुरच्या बोगद्याचा टोल २०१८मध्ये बंद झाला, तेवढं फॉरवर्डचं बरोबर. उत्तरेला आकुरेयरी शहराजवळच्या वादलाहेइदीच्या बोगद्याला मात्र टोल आहे. नाका नाही, माणूस नाही, फक्त कॅमेरा. २४ तासांत ऑनलाइन भरा, नाहीतर बिल भाड्याच्या कंपनीकडे जातं आणि ती स्वतःचं शुल्क लावून तुमच्या कार्डावरून वळतं करते. टाळायचा असेल तर व्हिकुरस्कार्दच्या जुन्या खिंडीने जा, सोळा किलोमीटर जास्त पडतात. सासऱ्यांना मी हाच रस्ता सुचवलाय.