'स्मशानात जाऊन मिळतं काय?'

आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या मंडळींच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: 'गेलेल्याला काही कळत नाही. मंत्र कुणाला समजत नाहीत. आलेले लोक घड्याळ बघत उभे असतात. त्यापेक्षा फोटोखाली दोन ओळी लिहा आणि कामाला लागा.'

पहिलं वाक्य मान्य. नाहीच कळत. पण खांदा फक्त गेलेल्यासाठी देतात, हे कुणी सांगितलं?

मंत्र मलाही समजत नाहीत. काकांच्या वेळी खासवाडीच्या स्मशानात चुलतभावाच्या खांद्यावर पाण्याचं मडकं होतं आणि त्याला भोक पाडायचा दगड गुरुजींनी माझ्या हातात दिला. एका फेरीला एक भोक. दुसऱ्या फेरीला माझा हात चुकला, तिसऱ्या फेरीला भावाची पाठ पार भिजली. मग त्यानं मागं न बघता मडकं टाकलं. तोवर मी दाखला, शववाहिनी, लाकडं यांतच अडकलो होतो. मडकं फुटलं तेव्हा काका गेले. (बायकांना अजून कितीतरी घरांत दारातूनच परत फिरवतात. फॉरवर्डवाल्यानं त्यावर लिहिलं असतं, तर मीही पुढे पाठवलं असतं.)

घड्याळ बघतात, खरंय. चिता काही अर्ध्या तासात आटपत नाही. लोक बाकावर बसून जागेच्या भावावर बोलतात, क्रिकेटवर बोलतात आणि मधेच कुणीतरी गेलेल्या माणसावर येतं. काका ऑफिसातल्या शिपायाच्या मुलीला दर रविवारी गणित शिकवायचे, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ते त्या बाकावर कळलं. शोकसभेत माइकवर असलं कुणी सांगत नाही, तिथं 'मनमिळाऊ स्वभाव' असतो.

राहिल्या फोटोखालच्या दोन ओळी. तो प्रयोग आपण 2020 मध्ये करून बसलोय. अंत्यविधीला वीसच माणसं, आणि गुजराती पेपरांत 'टेलिफोनिक बेसणं'च्या (बेसणं म्हणजे गुजराती घरांतली शोकाची बैठक) जाहिराती: अमुक ते अमुक वेळेत फोन करा. एरवीच्या बेसण्यात बोलणं असं नसतंच. पांढऱ्या कपड्यांत जायचं, हार घातलेल्या फोटोला हात जोडायचे, पाच मिनिटं गप्प बसायचं आणि उठायचं. फोनवर गप्प कसं बसणार?

मावशी त्याच वर्षी गेली. मी दिलेल्या वेळेत फोन केला, मावसभाऊ तीनदा 'हो, हो' म्हणाला. नंतर आम्ही कितीदा भेटलो, पण तिचा विषय अजून दोघांपैकी कुणी काढलेला नाही.